जमिनीला न टेकलेलं

रिसोडला भाड्याची खोली बघायला गेले त्या दुपारी माझं डोकं आधी सायकलला आपटलं. सायकल ओसरीच्या आढ्याला टांगलेली होती. ती चुकवायला बाजूला सरले तर केस लसणाच्या जुड्यांत अडकले, ते सोडवताना कोपर दह्याच्या शिंक्याला लागलं, आणि त्या झुलत्या दह्यामागून एक उंच, काटकुळे, नुसत्या बनियनवरचे गृहस्थ अत्यंत आनंदाने म्हणाले, “पाहा मॅडम, पडलं का काही? नाई पडलं. सारं अधर हाये.”

हे माझे घरमालक. गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मी साताऱ्याकडची. इथल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून आले होते. गावाबाहेर काकाजींचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, दोडकी आणि सांबार. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात हे मला कुठे ठाऊक? काकूंनी खालून ‘सांबार न्या’ म्हणून हाक मारली, तेव्हा मी वाटी घेऊन जिना उतरले होते. काकू, म्हणजे काकाजींच्या बायको, तेव्हा जे हसल्या त्यावरून हे घर मला मानवणार हे मी ओळखलं.

काकाजींच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, टेकलेल्या आणि अधर. टेकलेल्यांबद्दल त्यांना कीव येई. जे जे टांगता येईल ते त्यांनी टांगलेलं होतं. छत्री, कांद्याच्या माळा, पुढच्या हंगामासाठी ठेवलेला बियाण्याचा भोपळा, पाखरांसाठी पाण्याचं मडकं, सगळं वर. मोबाइल गळ्यात सुतळीने. चपलासुद्धा खुंटीला. जेवायला बसले की ताट पाटावर न ठेवता डाव्या हाताच्या पंजावर पेलत आणि वरण सांडलं की काकूंकडे अशा नजरेने बघत, जणू त्यांनीच धक्का दिला.

पण नुसती टांगाटांग असती तर मी त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं असतं. त्यांना तो शब्दच झपाटून राहिला होता. अधर. हवेत, खाली न टेकता असलेलं. हा शब्द आला कुठून, हे त्यांना शोधून काढायचं होतं, आणि तेही ताबडतोब. कधीतरी अकोल्याला कॉलेजात असताना संस्कृतात नापास होऊन ते मळ्यात परतले होते. त्या संस्कृतावर उगवायचा सूडही बहुतेक त्यात असावा.

सकाळी मी दात घासत असले की खालून आरोळी येई, “मॅडम, सापडलं!” मग तोंडात ब्रश तसाच धरून ते जिना चढून येत, फेस आवरत नवीन शोध सांगत आणि संध्याकाळपर्यंत तो शोध स्वतःच मोडीत काढत. भेटेल त्याला ते विचारत. आसेगावहून आलेले एक व्याही म्हणाले, अधर म्हणजे हलक्या हातानं, जखमेला अधर हात लावतात तसं. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, सीट भरली की शेवटच्याला आम्ही अधर बसवतो, म्हणजे अर्धा आत, अर्धा बाहेर. काकू म्हणाल्या, मला काही ठाऊक नाही, पण भाकरी तव्यावरून अधर उचलली नाही तर मोडते. हे सगळं काकाजी कान देऊन ऐकत आणि मान हलवत. सगळे वापर त्यांना पसंत होते. मूळ मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्याकडे हवेतल्याला काय म्हणतात, असं त्यांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, तरंगतं म्हणतात. त्यांनी नाक मुरडलं. तरंग पाण्यावरचा, तो शब्द हवेनं पाण्याकडून उसना आणलेला. बरं, अधांतरी? त्यावर त्यांचं म्हणणं असं की, त्या शब्दाला सुतकाचा वास येतो. नोकरी अधांतरी, लग्न अधांतरी, कोर्टातली केस अधांतरी. कुणाचं काही चांगलं अधांतरी असल्याचं तुम्ही ऐकलंय का? हे मला पटलं. आपल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या देवळातली मूर्ती अधर आहे असं कुणी म्हणालं की ते हात जोडत आणि लगेच म्हणत, देवाची गोष्ट वेगळी, मला माणसाच्या उपयोगाचं पाहिजे.

एकदा कॉलेजच्या ग्रंथालयातला जाडजूड कोश मी त्यांना घरी आणून दिला. त्यात अधर म्हणजे खालचा, आणि खालचा ओठ. काकाजींचा चेहरा असा झाला की मला आणल्याचा पश्चात्ताप झाला. वरच्या वस्तूचा शब्द खालच्याला कसा काय देतात, हे लोक कोशात बसून करतात तरी काय, म्हणून ते मळाभर फिरत राहिले. संध्याकाळी मात्र उड्या मारत आले. आता खरोखर सापडलं होतं. अ म्हणजे नाही. धर म्हणजे धरणं. अ-धर, ज्याला कुणीच धरलेलं नाही! संस्कृताकडे जायची गरजच नाही, आपल्या घरातलाच शब्द. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी खडूने ही फोड लिहून काढली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचायला लावली. भाजी घ्यायला आलेल्या बायकासुद्धा ती वाचल्याशिवाय सुटत नसत.

मी भौतिकशास्त्रवाली, गप्प कशी बसणार? मी सांगितलं की हवेतली कुठलीही वस्तू आपली आपण वर राहत नाही. पतंगाला वारा आणि दोरा धरतो, फुग्याला भोवतालची हवा उचलून धरते. कुणीच धरलं नाही तर वस्तू सरळ खाली येते. तुमची सायकलही आढ्याने धरली आहे म्हणूनच माझ्या डोक्यावर पडली नाही.

“म्हंजे तुमच्या पुस्तकात अधर नाईच?”

मी म्हटलं, तुमच्या अर्थाने नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग काकूंच्या हातून वांगी पाठवली आणि निरोप दिला की पुस्तकं चुकतात, मॅडमनं मनाला लावून घेऊ नये.

पुस्तक चुकतं हे दाखवायला त्यांनी रुईची म्हातारी निवडली. उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटतात आणि पांढऱ्या केसांचं बी वाऱ्यावर निघतं, ती म्हातारी. एक भर सकाळी अंगणात शिरली. काकाजी चहाची बशी तशीच हातात घेऊन तिच्या मागे निघाले. नाकासमोर म्हातारी, हातात बशी, अंगात बनियन. मी शास्त्रीय साक्षीदार म्हणून मागे. गल्ली संपली, बाजार लागला. काकाजींनी रस्त्यावरची एक मोटारसायकल हात करून थांबवली, कारण तिच्या धुराने म्हातारी बिचकली असती. धान्याच्या बाजारात सोयाबीनची पोती उतरत होती. तिथे ती थोडी वर गेली, तेव्हा काकाजी आनंदाने ओरडले, “पाहा, कोण धरून राह्यलं तिले? दाखवा!” आणि तेवढ्यात ती खाली आली आणि एका हमालाच्या घामेजलेल्या पाठीवर चिकटली. हमाल वळून बघतो तर हे हातात रिकामी बशी घेऊन उभे. “टेकली,” काकाजी त्याला म्हणाले, आणि पडल्या चेहऱ्याने घरी आले.

असं हसतखेळत चाललं होतं आणि दिवाळीनंतर एक दिवस काकाजी मळ्यात कोसळले. दोडक्याचे वेल मांडवाला बांधत होते. शेजारच्या वावरातल्या लोकांनी उचलून जीपमध्ये घातलं आणि थेट अकोल्याला नेलं. हृदयाचा झटका होता. काकू होत्या तशा, मेथीची माती हातावर घेऊन गेल्या. मी दुसऱ्या दिवशी पोचले तर त्या दवाखान्याच्या बाकावर ताठ बसलेल्या. त्यांनी महादेवाला बोलून टाकलं होतं की, यांना घरी ने, श्रावणात यांच्या खांद्यावर तुझी कावड येईल.

महादेवाने आपलं काम केलं. काकाजी घरी आले, आणि आले ते दवाखान्यातला बिछाना जिंकून आल्यासारखे. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली आणि प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगत. त्या पहिल्या रात्री ते वर गेले होते. पंख्यापर्यंत. खाली खाटेवर स्वतःच पडलेले त्यांना दिसले.

“अधर होतो, मॅडम! मी सोता! ना दोरी, ना हवा. कोणी म्हणता कोणी धरेल नव्हतं!”

डोळे असे चमकत होते की आजारी माणूस कोण आणि भेटायला आलेले कोण, कळू नये. भिंतीवरची फोड त्यांनी नव्याने गिरवली. पुस्तकाचा पराभव झाला होता, आणि मीही या वेळी वाद घातला नाही. माणूस जिवंत होता, मला तेवढं पुरे होतं.

काकू पाहुण्यांना चहा देत होत्या. त्यांनी ट्रे उचलला आणि जमिनीवर ठेवला. त्या घरात! मला वाटलं, दमल्या असतील. पण दुसऱ्या दिवशी शिंक्यातलं दही खाली आलं. मग लसूण कोपऱ्यात आला, छत्री दारामागे गेली. रोज एकेक वस्तू खाली उतरत होती आणि काकू गप्प होत्या. काकाजींच्या लक्षात येई, ते आढ्याकडे बघत, जमिनीवरच्या मडक्याकडे बघत, पण विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं. डोकं न आपटता ओसरी ओलांडता येऊ लागली, आणि मला ते मुळीच आवडेना.

एकदा भाजी निवडताना मीच काकूंना विचारलं. त्या बराच वेळ देठ खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, “रातभर अंगठा धरून बसली होती मी यायच्या पायाचा. नर्सनं दोनदा उठवलं, तरी जाऊन बसली. अन् हे गावाले सांगतात, कोणी धरेल नव्हतं.”

मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना.

“मी कायले सांगू? ज्याचा अंगठा, त्याले समजाले नको?”

ओसरीवर जाऊन काकाजींना दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण काकूंनी न बोलण्याची शपथच घातली.

श्रावण आला. शेवटच्या सोमवारी गावातली मंडळी पैनगंगेवर जातात आणि बांबूच्या दोन टोकांना बांधलेल्या भांड्यांतून पाणी आणून महादेवाला घालतात. नियम एकच. नदीतून उचललेली कावड देवळापर्यंत जमिनीला टेकता कामा नये. खांदा बदलला तर चालतो, झाडाच्या फांदीला अडकवून दम घेतला तर चालतो. टेकली की पाणी वाया, आणि काकूंच्या मते नवसही. त्यांच्या हिशेबी काकाजींचा जीव त्या पाण्यावर होता, आणि तसं त्यांनी मला उघड सांगितलं.

डॉक्टरांनी ओझं बंद केलेलं. मी फोन करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तांब्याभर पाणी उचलू दे, पण सारखं थांबत थांबत. म्हणून काकूंनी घागरींऐवजी दोन छोटे तांबे बांधले आणि नदीवरून चालत परतायला जवळची वाट धरली. त्या घाबरलेल्या होत्या. काकाजी मात्र नव्या नवरदेवासारखे. देवासाठी, नवसासाठी वगैरे काही नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत, एवढा मोठा अधर! कावड मंडळातला प्रत्येक माणूस दर चार पावलांना तो शब्द म्हणत होता. अधर धर, अधर घे, अधर राहू दे. काकाजींना कान कमी पडत होते.

त्यांनी खांदा बदलायला साफ नकार दिला. दोन्ही बाजूंना पोरं ‘द्या काकाजी, द्या’ करत चालली होती आणि हे मान हलवत पुढे. काकू आणि मी मागे. काकूंची नजर त्या दोन तांब्यांवरून हलत नव्हती.

गावाजवळ आल्यावर ते घडलं. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय डांबरावर भाजतात म्हणून तिकडे वेशीवरच्या बायका बादल्या घेऊन उभ्या असतात आणि कावडवाल्यांच्या पायांवर पाणी ओततात. पुण्याचं काम, त्यामुळे प्रत्येकीला आपल्या वाटणीचं पाणी ओतायचंच असतं. त्या दिवशी ढगाळ होतं, डांबर गारच होतं, पण बादल्या भरलेल्या होत्या आणि ओतल्या गेल्याच. पुढच्या सगळ्यांच्या पायांनी त्यात मळ्यांतली काळी माती कालवली. काकाजींचा पाय त्यावर पडला आणि तसाच पुढे गेला.

ते खाली बसले, सरळ बुडावर. कावड मात्र बसली नाही. ती खांद्यावरून उसळून वर गेली. काकाजींचे दोन्ही हात वर, मोकळे. बांबू आडवा, दोन तांबे दोरीला तिरपे, आणि त्या क्षणी तिला कुणीच, कुणीही धरलेलं नव्हतं. मी आयुष्यभर मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवलं, पण त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले असेन.

काकू माझ्या शेजारी होत्या एवढंच मला ठाऊक आहे. मग त्या पुढे होत्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणाऱ्या काकूंनी झेप घेतली आणि पुढचं टोक पकडलं. मागचं टोक खाली येत होतं, त्याला मी चिखलात गुडघे टेकून दोन्ही हातांनी पेललं. तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर सांडलं. बांबू जमिनीपासून वीतभर वर थांबला.

चिखलात बसलेल्या काकाजींनी आधी छातीवर हात ठेवला, मग विचारलं, “टेकली का?”

“नाई टेकली,” काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, आणि इतक्या महिन्यांचं जे साचलं होतं ते सगळ्या गर्दीसमोर बाहेर आलं. “तुमी तं म्हणता धरल्याबिगर राहते. सोडली ना आता? राह्यली का वरते? तवा बी म्याच धरेल होतं. रातभर. अंगठा.”

काकाजी तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एकदा आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या, आणि पुन्हा काकूंकडे. मला वाटलं आता ते रडणार.

काकूंनी वाट बघितली नाही. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातून बांबू घेतला आणि कावड स्वतःच्या खांद्यावर ठेवली. बाईच्या खांद्यावर कावड कशी, म्हणून मागे कुजबुज सुरू झाली. मंडळाचे म्हातारे प्रमुख सगळ्यांत पुढे होते, ते वळून एवढंच म्हणाले की खांदा बदलला तर चालतो, आणि चालू लागले. त्या माणसाला मी अजूनही मनातून नमस्कार करते.

पोरांनी काकाजींना उठवलं. लागलं नव्हतं. ते काकूंच्या मागे चालू लागले. मग मोकळा हात पुढे करून त्यांनी बांबूच्या मागच्या टोकाला खालून बोट लावलं. भार तर काहीच नव्हता, पण बोट काढलं नाही. तांबे अर्धे रिकामे झाले होते. उरलेलं पाणी महादेवाला पोचलं आणि काकूंनी डोळे मिटून एवढा मोठा श्वास सोडला की मलाही हलकं वाटलं.

परतताना काकाजी माझ्याजवळ आले. आवाज खाली, पण डोळ्यांत तीच जुनी चमक. “मॅडम, तुमचं पुस्तक बराबर हाये. धरल्याबिगर वरते काई राहत नाई. फोड चुकली मायी.”

मी म्हटलं, मग हा शब्द आला तरी कुठून?

“ते पाहू ना आता,” ते म्हणाले, आणि भराभर पुढे गेले, जणू तो पुढच्या वळणावर उभा असेल.

दुपारी त्या दोघांना जेवणाचं ताट द्यायला मी खाली उतरले. भिंतीवरची फोड ओल्या फडक्याने पुसलेली होती. दह्याचं मडकं पुन्हा शिंक्यात गेलं होतं. ओसरीवरच्या बाजेवर काकू गाढ झोपल्या होत्या, चिखलाचे पाय तसेच. आणि काकाजी त्यांच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. चक्क जमिनीवर. त्यांनी काकूंच्या पायाचा अंगठा मुठीत धरला होता.

माझ्या पैंजणांचा आवाज झाला तशी त्यांनी मान वर केली आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली.

“अधर या, मॅडम,” ते कुजबुजले. “झोपली हाये.”